गोड मेथीच्या घरी मुलगी द्यायची नाही

आमचे घरमालक पानं खायचे. विड्याची नव्हेत, ती तर सगळं नगर खातं. मेथीची, वांग्याची, हरभऱ्याची, कुणाच्या कुंपणावरून बाहेर डोकावणाऱ्या शेवग्याची, जी हाताला लागतील ती कच्ची पानं तोडायची, "फवारणी कधी केली होती?" एवढं विचारायचं, सदऱ्याला पुसायची, डोळे मिटून चावायची आणि कडेला थुंकून निकाल द्यायचा. निकाल बहुधा एकाच शब्दाचा असे. "मऊ." नाहीतर "गोड." हे दोन्ही शब्द त्यांच्या तोंडी शिव्या होत्या. क्वचित कधी "कडू!" म्हणायचे, आणि तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळायचा की बघणाऱ्याला वाटावं, यांना लॉटरीच लागली.

मी नगरच्या सावेडीत त्यांच्याकडे वरची खोली बघायला गेले तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. इथल्या शाळेत नुकतीच नेमणूक झाली होती आणि हातात भाजीची पिशवी होती. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे न बघता पिशवीकडे बघितलं, मेथीच्या जुडीतलं एक पान खुडलं आणि तोंडात टाकलं. मी नाव सांगायला लागले तर हात वर करून मला थांबवलं. चावून झालं. अंगणात थुंकून झालं.

"युरिया," ते म्हणाले. "फार."

"मी खोली बघायला आलेय."

"खोली कुठे पळून जात नाही. ही मेथी कुणाकडून घेतली?"

आतून काकूंचा आवाज आला, "अगं, तू ये आत. ते विचारतच राहतील." मी आत गेले. काकूंनी चहा दिला. तो चांगला गोड होता, आणि त्या घरात गोड मिळणारी ती एकच वस्तू आहे हे मला पुढे कळलं. माणूस ठार वेडा आहे, पण काकू भल्या आहेत आणि खोली हवेशीर आहे, असा विचार करून मी जी राहिले ती बदली होईपर्यंत.

काका शेतकी कॉलेजात झाडांचं शास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी एकाच गोष्टीचा ध्यास घेतला होता, आणि ती ते कुणालाही, कुठेही, विचारलं नसताना समजावून सांगायचे. मला जिन्यात सांगितली. मी शाळेला निघाले होते, उशीर झाला होता.

"बाई, झाडाला पळता येतं का?"

"नाही."

"ओरडता येतं?"

"नाही काका. घंटा होईल आता."

"मग किडा खायला आला की झाडानं करायचं काय? ते पानात कडू, तुरट, झोंबणारी द्रव्यं साठवून ठेवतं. किड्यानं तोंड लावलं की किड्याचं तोंड वाईट. पण ती द्रव्यं करायला लागणारा माल आणि पान वाढवायला लागणारा माल एकाच कोठीतून येतो. युरिया म्हणजे नत्र. नत्र भरमसाट मिळालं की पान म्हणजे घर बांधायला काढलेला माणूस. माडीवर माडी चढवत सुटतो आणि दाराला कडी लावायची राहून जाते. बाहेरून काळंभोर, आतून सताड उघडं! मग मावा येतो." मावा म्हणजे पानाच्या पाठीला चिकटून रस शोषणारी ती बारीक कीड. "म्हणून पान थोडं उपाशी ठेवावं. उपाशी पान सावध असतं. गेलात तरी चालेल आता."

हे सगळं ऐकायला वाईट नव्हतं. मला ते पटलंही. अडचण एवढीच की काकांनी ते शास्त्र पानांपुरतं ठेवलं नाही.

आधी पानांचंच सांगते. आमच्या चौकात रोज भाजी घेऊन बसणाऱ्या बायका काका कोपऱ्यावर दिसले की एकमेकींना हाक घालायच्या. "आलं गं पानखाऊ! मेथी झाका!" पटापट ओली पोती मेथीवर पडायची. काका तरी शिताफीने एखादं पान मिळवायचेच. एकदा त्यांतली सगळ्यात तोंडाळ बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काका, रोज पान खाता आन् जुडी काय घेत न्हाई. तुमच्यापरीस बकरी बरी. ती निदान लेंड्या तरी देती, खताला व्हत्यात!"

काका गंभीरपणे म्हणाले, "लेंडीखत चांगलंच. सावकाश लागू होतं." आणि पुढच्या टोपलीकडे वळले. रागावणं त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि म्हणून त्यांच्यावर रागावणाऱ्याची फार पंचाईत व्हायची. माझी तर रोज व्हायची, कारण माझा स्वभाव तापट.

गच्चीत त्यांनी कुंड्या केल्या होत्या. सगळी झाडं काटकुळी, खरखरीत पानांची. काकूंना ती बघवत नसत. काका झोपले की त्या तांदूळ धुतलेलं पाणी, डाळीचं पाणी गुपचूप वर नेऊन एकेका कुंडीत ओतायच्या आणि झाडांशी बोलायच्या, "प्या गं बायांनो, लवकर प्या." दुसऱ्या आठवड्यात काका पुदिना चावता चावता थांबायचे. "याला कुणीतरी जेवायला घातलंय."

"घातलंय," काकू म्हणायच्या. "दारात आलेल्या भिकाऱ्याला आपण विन्मुख पाठवत नाही, आणि ही तर घरची आहेत."

आता माणसांचं. स्तुती म्हणजे युरिया, असा काकांचा ठाम सिद्धांत होता. माणसाला शाबासकी दिली की तो फुगतो, मऊ होतो, त्याची आतली तयारी थांबते आणि मग त्याला मावा लागतो. त्यांच्या निरोप समारंभाची गोष्ट काकू हसत हसत सांगायच्या. साहेब बोलायला उभे राहिले, काकांच्या ज्ञानाबद्दल दोन वाक्यं बोलले, तिसरं सुरू करणार तोच काका खुर्चीतून उठून म्हणाले, "पुरे. फार नत्र झालं." साहेबांना वाटलं, यांना पित्त झालं. त्यांनी शिपायाला लिंबूपाणी आणायला पिटाळलं. समारंभ तिथेच संपला आणि सगळे जेवायला बसले.

मी चौथीच्या वह्या तपासत गच्चीत बसले की काका मागे येऊन उभे राहायचे. "'शाब्बास'? परत 'शाब्बास'? बाई, तुम्ही वर्गात युरिया वाटता."

"मुलं म्हणजे मेथी नव्हे, काका."

"ते खरं. मेथी ऐकते," ते म्हणायचे आणि निघून जायचे. मी तेव्हा हट्टाने प्रत्येक वहीत शाब्बास लिहायची. चुकलेल्या गणितालासुद्धा लिहायची.

त्यांच्या या शास्त्रावर जी वाढली ती त्यांची एकुलती एक मुलगी, प्राजक्ता. सगळ्यांना वाटायचं नाव फुलांवरून ठेवलंय. काका ताबडतोब दुरुस्त करायचे. "फुलं सकाळी पडून जातात. पानं किती कडू असतात माहीत आहे का? तापावर काढा करतात." प्राजक्ता शाळेत पहिली आली, काका म्हणाले, "हं." कॉलेजात पहिली आली, "हं." औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात शिकवायला लागली, पहिल्या पगारात बापाला घड्याळ आणलं. त्यांनी ते मनगटावर बांधलं, वेळ बघितली आणि म्हणाले, "हं." ती हसून सांगायची हे. लहानपणी ती म्हणे आरशासमोर उभी राहून स्वतःच बापाचा आवाज काढून स्वतःला शाबासकी द्यायची. हे सांगताना मात्र ती हसली नाही, आणि मला त्या म्हाताऱ्याचे कान उपटावेसे वाटले.

मग गच्चीवर सोलरचा बंब बसवायला नितीन आला. नेवाशाकडच्या एका गावातला, सोलर पंप आणि बंब बसवायचा स्वतःचा धंदा करणारा सरळ मुलगा. एक बंब बसवायला किती वेळ लागतो मला ठाऊक नाही, पण एवढा लागत नसावा. कधी नळी गळायची, कधी ऊन कमी पडायचं. नगरमध्ये ऊन कमी पडतं, असं सांगणारा तो मला भेटलेला पहिला माणूस. काकांनी रिवाजाप्रमाणे त्याच्या हातावर कडुनिंबाची पानं ठेवली. येईल त्याची ते अशी परीक्षा घेत. प्राजक्ता दारात उभी होती. नितीनने पानं चावून गिळली, ओठसुद्धा हलू दिला नाही, आणि म्हणाला, "अजून आहेत का?"

काका मला जिन्यात म्हणाले, "पोरगा बरा आहे." मी चाट पडले. एवढी स्तुती त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "आता रान बघू."

"रान कशाला? मुलगा बघितलात ना?"

"मुलगा आज चांगला दिसतो. कुठल्या मातीत, काय खाऊन वाढला, ते रानातच कळणार. तुमच्यात पत्रिका बघतात. मी पान बघतो."

स्थळ बघायला निघालो. गाडी नितीननेच पाठवली होती. काकू, प्राजक्ता, काका, आणि प्राजक्ताने हट्टाने बरोबर घेतलेली मी. घरासमोर मांडव घालायचाच काय तो बाकी होता. सडा, रांगोळी, नव्या सतरंज्या, भावकीतली माणसं पांढऱ्या टोप्या घालून ओळीने बसलेली. नितीनचे वडील हात जोडून पुढे आले. नितीनची आई पाण्याचे तांबे घेऊन उभी. काका पाणी प्यायले आणि म्हणाले, "चहा नंतर. मेथी कुठे आहे?"

ओळीतल्या टोप्या एकमेकांकडे वळल्या. पण पाहुण्याची इच्छा. सगळी वरात मळ्याकडे निघाली. आणि मळा काय होता! कांद्याची पात, जनावरांचा घास, मेथी, सगळं इतकं गर्द की जमीन दिसत नव्हती. मला काही कळत नसताना मीसुद्धा "वा!" म्हणाले. नितीनच्या वडिलांनी हात फिरवून सगळं रान दाखवलं. "बघा सायेब. कशी काळोखी आली हाय पिकाला. आमच्या शिवारात दुसरं आसं रान सापडायचं न्हाई."

काकांनी मेथीचं पान खुडलं. चावलं. भावकी श्वास रोखून बघत होती. प्राजक्ता बापाच्या जबड्याकडे बघत होती, आणि मी प्राजक्ताकडे. काका थुंकले. मग त्यांनी दुसरं पान खुडून उलटं केलं आणि नितीनच्या वडिलांसमोर धरलं. पाठीवर मावा भरला होता.

"गोड," काका म्हणाले. "मऊ. दार उघडं. किती युरिया टाकला?"

नितीनच्या वडिलांना वाटलं कौतुकच चाललंय. ते खुलले. "आवं, तुमी येनार म्हनून तर दोन डाव मारला! येरवी येवढा न्हाई टाकत. पन पाव्हण्याला पिवळं रान दावायचं व्हय? मान ठिवला तुमचा!"

"माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी न्हाई तर कुनासाठी?"

हे मला नंतर कळलं, की त्या बाजूला ही रीतच आहे. घरी पाहुणे यायचे असले की घराला रंग देतात तसं रानाला युरिया देतात. पाहुणा बांधावर उभा राहून "काळंभोर हाय" म्हणाला की मुलगा अर्धा पसंत झाला असं समजतात. बिचाऱ्या माणसाने आपल्याकडचं सगळ्यात चांगलं ते केलं होतं, आणि ते नेमकं या एका माणसापुढे करायचं नव्हतं.

"गोड मेथीच्या घरी मुलगी द्यायची नाही," काका म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. पुरणपोळ्यांचा वास सुटलेला, सतरंज्या तशाच, टोप्या तशाच. काकूंनी नितीनच्या आईचे हात धरून काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं. आम्ही उपाशी परतलो.

वाटेतलं घोडेगाव मागे पडेपर्यंत मी कशीबशी गप्प बसले. मग माझं तोंड सुटलं. "काका, माणसं बघा जरा! त्यांनी तुमचा मान ठेवला आणि तुम्ही त्यांच्या दारात थुंकलात!"

"दारात नाही. बांधाच्या पलीकडे," काका म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "जिथे पाहुणा आला म्हणून खत टाकतात, तिथे सून आली की काय करतील? डोक्यावर घेतील. लाडावतील. पोर मऊ होईल. मग उद्या संकट आलं की तिच्याकडे काय असेल?" त्यांना खरंच भीती वाटत होती, हे मला तेव्हा दिसलं. त्यामुळे माझा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला, कारण आता त्यांना नुसतं मूर्ख म्हणून सोडून देता येईना.

वर खोलीत मी प्राजक्ताला म्हणाले, "तू काय लहान आहेस? कमावतेस. सरळ नोंदणी लग्न कर आणि मोकळी हो."

"लग्न तर मी करणारच गं," ती म्हणाली. "पण मला त्यांच्या तोंडून हवंय. 'चांगलं केलंस' असं एकदा. नवरा मिळेल मला. हे दुसरीकडे कुठे मिळणार?" एवढं बोलून ती उठली आणि माझ्या वह्यांचा ढीग उगाच नीट लावत बसली. तिला नवऱ्याएवढाच बापाचा एक शब्द पाहिजे होता, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

तिनेच तह घडवला. नितीनच्या वडिलांनी मेथीचा एक वाफा नव्याने पेरायचा, त्याला युरियाचा कणही दाखवायचा नाही. मेथी तयार झाली की काका पुन्हा येऊन चाखणार. कडू निघाली तर लग्न. काका लगेच कबूल झाले. प्रयोग म्हटल्यावर ते नाही म्हणूच शकत नव्हते. नितीनचे वडीलही कबूल झाले, पण गावात त्यांचं हसं झालं. येता-जाता लोक विचारायचे, "का वं, त्या वाफ्यानं काय गुन्हा केलाय?" ते म्हणायचे, "आमचं व्याही पानांचं डॉक्टर हायती. पथ्य चालू हाय."

पुन्हा गेलो. या वेळी टोप्या दुप्पट होत्या. पानं खाणारा व्याही बघायला आजूबाजूच्या वस्त्यांवरून माणसं आली होती. चहाचं कुणी नावच काढलं नाही, सगळे थेट मळ्यात. वाफ्याला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं होतं, राखण ठेवावी तसं. आणि कुंपणाच्या आत मेथी होती काळीभोर. मागच्या खेपेपेक्षाही काळीभोर.

नितीनच्या वडिलांचा चेहरा उतरला. "आसं कसं झालं? देवाशप्पथ सायेब, मी चिमूटभर बी न्हाई टाकलं. मला वाटलं, रानाचीच ताकत हाय."

मागून आवाज आला. "मी टाकला." नितीनची आई पदर घट्ट धरून उभी होती. "मीच टाकला. ह्ये मळ्यातनं घरी आलं की मी जायची. मला बघवंना. बाकीचं रान जेवतंय आन् येवढंच लेकरू उपाशी, आसं वाटायचं. आन् ही पोर येनार. तिनं बगितलं आसतं तर काय म्हनली आसती मनात? ह्या घरात आपल्याला बी आसंच उपाशी ठिवत्याल, आसंच म्हनली आसती ना?"

काकू चालत गेल्या आणि तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. त्या दोघी अशा उभ्या होत्या की आता यापुढे या प्रकरणात बायकांचा पक्ष ठरला आहे, हे टोप्यांनाही कळलं.

काकांनी पान खुडलं. चाखायची काही गरज नव्हती, पण प्रयोग म्हणजे प्रयोग. चावलं, थुंकले. "गोड," म्हणाले आणि गाडीकडे वळले.

"बाबा, थांबा," प्राजक्ता म्हणाली.

नितीनचे वडील काळजीने तळहातावर तंबाखू मळत होते. त्यांचं ते आपोआप चाललेलं होतं, लक्ष नव्हतं. प्राजक्ता सरळ त्यांच्याजवळ गेली आणि होणाऱ्या सासऱ्याच्या तळहातावरून चुना लावलेली तंबाखू तिने चिमटीत उचलली. टोप्यांमधून "आं?" असा आवाज आला. ती चिमूट तिने बापाच्या नाकाखाली धरली.

"हे काय आहे?"

"तंबाखू."

"पानच ना?"

"पानच."

"याला नत्र जास्त दिलं तर काय होतं? हेही मऊ होतं? गोड होतं?"

काका थांबले. खरोखर थांबले, एक पाय पुढे तसाच. ते तोंडी परीक्षा घ्यायचे तेव्हा मुलं कशी उभी राहत असतील, हे मला त्या दिवशी कळलं.

"नाही," ते म्हणाले.

"मग?"

"तंबाखूचं कडू द्रव्य वेगळं. निकोटीन. त्याच्या अंगातच नत्र असतं. नत्र जास्त मिळालं तर ते जास्त बनतं. पान... पान आणखी जहाल होतं."

"म्हणजे सगळी पानं सारखी नसतात. काही पानांना जेवढं द्याल तेवढी ती कणखर होतात. हे मला कुणी शिकवलं?"

"मी."

"मला सांगितलंत आणि स्वतः विसरलात. आयुष्यभर मला उपाशी ठेवलंत बाबा. एक शब्द नाही दिलात." तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "मी मेथी नाही. मी तंबाखू आहे!"

"अगं बया!" नितीनची आई काकूंच्या कानाला लागली. "आवं, पोरगी काय म्हनती ही? खाती व्हय?"

"नाही हो," काकू डोळे पुसत म्हणाल्या, "ते शास्त्राचं आहे."

काका त्या चिमटीकडे बघत उभे होते. जन्मात त्यांनी तंबाखू खाल्ली नव्हती. पण समोर पान आलं की तोंडात टाकायचं, एवढंच त्या माणसाला येत होतं. त्यांनी मुलीच्या बोटांतून ती चिमूट घेतली, चुन्यासकट तोंडात टाकली, डोळे मिटले आणि मेथी चावावी तशी चावली.

"सायेब, चावायची न्हाई! धरायची, दाढंखाली धरायची!" नितीनचे वडील ओरडले, पण उशीर झाला होता. काकांना आधी उचकी लागली. मग चेहरा लाल झाला, मग घाम फुटला. ते मटकन बांधावरच बसले. कुणी पाणी आणायला धावलं, कुणी टोपीने वारा घालायला लागलं. काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते तंबाखूमुळेच होतं, असं ते अजून सांगतात. पाणी आलं, चूळ भरून झाली, आणि ते म्हाताऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाले, "कडू!"

आणि त्यांचा चेहरा उजळला. भाजीबाजारात उजळायचा ना, तसाच.

"कडू आहे," मुलीकडे बघून ते म्हणाले. "बरोबर आहे तुझं. उत्तर बरोबर आहे." मग थोडे अडखळले, कारण पुढचे शब्द त्यांच्या वापरातले नव्हते. "हुशार आहेस तू."

प्राजक्ता त्यांच्यासमोर बांधावरच बसली. रडतही होती आणि हसतही होती. "अजून," ती म्हणाली.

"एकदम नाही," काका म्हणाले. "नत्र हप्त्याहप्त्याने द्यायचं असतं."

त्या दिवशी मात्र आम्ही जेवलो. काकांच्या ताटात त्या घरच्या गोड मेथीची भाजी आली. त्यांनी ती खाल्ली आणि काहीच निकाल दिला नाही, आणि नितीनची आई सगळ्यांना सांगत सुटली की व्याह्यांना भाजी आवडली.

लग्न झालं. काका दिलेल्या शब्दाला पक्के. दर रविवारी सकाळी त्यांचा मुलीला फोन जातो, हप्ता द्यायला. पहिल्या रविवारी म्हणाले, "परवा तू चहा केला होतास. बरा होता," आणि फोन ठेवला. दुसऱ्या रविवारी, "अक्षर चांगलं आहे तुझं." नितीनला वाटायचं, सासऱ्यांना काहीतरी विचारायचंय आणि ते विसरतात.

मध्यंतरी माझी बदली अकोले तालुक्यात झाली. सुटीत प्राजक्ताकडे गेले होते, तो नेमका रविवार होता. फोन वाजला. तिचे हात कणकेत होते, म्हणून तिने मला स्पीकर लावायला सांगितलं.

"तुझं शिकवणं मुलांना कळतं म्हणे," काकांचा आवाज आला. हप्ता झाला, आता फोन ठेवतील म्हणून मी हात पुढे केला. पण आवाज येतच राहिला. "ते घड्याळ बरोबर वेळ दाखवतं. एकदाही मागे पडलेलं नाही. आणि तू शाळेत पहिली आलीस ना, तेव्हा मी कॉलेजात सगळ्यांना सांगत फिरलो होतो. शिपायालासुद्धा सांगितलं होतं. दोनदा. घरी आल्यावर फक्त... घरी आल्यावर सांगितलं नाही."

प्राजक्ताचे कणकेचे हात तसेच थांबले. मग ती म्हणाली, "बाबा, आजचा हप्ता जास्त झाला."

"होऊ दे," काका म्हणाले.